फूल पडलेल्या डोळ्यातला मोतीबिंदू : ऑपरेशन कसं करावं

"दोन ठिकाणी न्हाई म्हटलं बगा डॉक्टर. म्हणाले, फूल हाय, आधी बुबुळ बदलायला लागतंय, मग मोतीबिंदू. बुबुळ कवा मिळंल ते न्हाई सांगितलं." वाळवा तालुक्यातल्या एका आजींनी पिशवीतून जुने केसपेपर काढत हे सांगितलं. डावा डोळा कधीच गेलेला. उजव्या डोळ्यात खालून वर चढत मध्यापर्यंत आलेला पांढरा डाग, म्हणजेच फूल. तीस वर्षांपूर्वी ऊस सोलताना पात लागलं होतं. मी विचारलं, "आजी, फूल पडल्यावर दिसायचं का?" तर म्हणाल्या, "दिसत हुतं की. दोन वर्सांमागं पतुर भाकऱ्या थापत हुते. सुईत दोरा न्हाई जायचा, पण तवा दिसायचा."

निदान या एका वाक्यात आहे. फूल तीस वर्षांचं, नजर गेली ती दोन वर्षांत. फूल वाढलेलं नाही, त्याच्या मागचं भिंग पिकलंय. आजींना पुन्हा तव्यापर्यंत नेण्यासाठी बुबुळ बदलायची गरज नव्हती. मोतीबिंदू तेवढा काढायचा होता, फक्त धुक्यातून बघत.

सांगली जिल्ह्यासारख्या भागात तालुक्याच्या गावी मोतीबिंदूची ऑपरेशनं करणाऱ्या तरुण सर्जनांसाठी हे लिहितो आहे. साध्या मोतीबिंदूवर हात पूर्ण बसलेला असावा, एवढं गृहीत धरलंय. रुग्णाच्या घरच्यांनीही पहिला अर्धा भाग वाचायला हरकत नाही. 'फूल आहे म्हणजे काही होणार नाही' हे वाक्य ऐकून परत गेलेली माणसं आपल्याकडे गावोगावी आहेत.

फूल कुठून आलं, हे आधी विचारा

दिवाळीच्या सुमारास कारखान्यांची धुराडी पेटली की ओपीडीत डोळ्याला पात लागलेले रुग्ण यायला लागतात. उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते. कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेला (रुग्ण तिलाच बुबुळ म्हणतात), ओरखडा पडतो, त्यात बुरशी शिरते, आणि मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइडचे थेंब घातले की ती फोफावते. जखम भरते, पण मागे पांढरा व्रण राहतो. जुन्या माणसांमध्ये खुपऱ्यांमुळे आलेले डाग दिसतात, काहींत लहानपणीच्या देवीचे किंवा गोवरानंतरचे. आणि काही डाग नागिणीच्या जातभाईचे, म्हणजे हर्पिसचे.

कारण कळलं की पुढचे निर्णय बदलतात, म्हणून हे विचारायचं. लहानपणापासूनचं, आठ वर्षांच्या आतलं फूल असेल तर त्या डोळ्याची नजर मेंदूत कधी तयारच झालेली नसते. ऑपरेशन कितीही देखणं झालं तरी आशा मर्यादित. बुरशीच्या किंवा जंतूच्या जखमेनंतर डोळा पूर्ण शांत झाल्यावर मी किमान सहा महिने थांबतो. हर्पिसचा संशय असेल तर बधिर करायचे थेंब घालायच्या आधी कापसाच्या पिळाने कॉर्नियाची संवेदना बघा. बधिर डाग दिसला की ऑपरेशनच्या काही दिवस आधी असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करायचं आणि ऑपरेशननंतरही काही महिने चालू ठेवायचं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डोस फिजिशियनला विचारून. हा आजार ऑपरेशनच्या ताणाने आणि स्टेरॉइडने पुन्हा उफाळतो. गोळी विसरली गेली तर सगळी मेहनत सहा आठवड्यांत वाया जाऊ शकते.

डोळ्याला खिडकी शिल्लक आहे का

सगळं या प्रश्नावर येऊन थांबतं. डागाचे तीन प्रकार आपण शिकलेलो असतो: धुरकट, ठळक आणि पूर्ण पांढरा. धुरकट डागातून आयरिसची (बाहुलीभोवतीच्या रंगीत चकतीची) नक्षी दिसते, ठळक डागातून अंधूक दिसते, पांढऱ्यातून काहीच नाही. पण ऑपरेशनच्या दृष्टीने डाग किती पांढरा आहे यापेक्षा तो कुठे आहे आणि त्याच्या कडेला किती स्वच्छ जागा, म्हणजे खिडकी, उरली आहे, हे महत्त्वाचं.

केसपेपरवर डोळ्याचा गोल काढा आणि पेन्सिलने डाग रंगवा. बाहुली काढा. रक्तवाहिन्या कुठून शिरल्यात त्या रेघा काढा. आयरिस कुठे चिकटलंय तिथे फुली मारा. कॉर्निया कुठे पातळ झालाय ते लिहा. हे चित्र ऑपरेशनच्या टेबलासमोर भिंतीला चिकटवायचं. मी अजूनही चिकटवतो. निर्जंतुक कपड्यांखाली डोळा गेला की वरखाली, डावंउजवं डोक्यात उलटंपालटं व्हायला वेळ लागत नाही.

मग बाहुली मोठी करायचे थेंब घालून पुन्हा दृष्टी तपासा. ही तपासणी फार कमी जण करतात. बाहुली मोठी झाल्यावर रुग्णाला दोन ओळी जास्त वाचता आल्या तर खिडकी कडेला आहे, मध्यावरचा डाग आड येतोय. असे रुग्ण स्वतःच सांगतात, "संध्याकाळी बरं दिसतं, उन्हात कायच न्हाई." उन्हात बाहुली आकसते आणि डागाच्या मागे लपते.

दुसरी स्वस्त तपासणी कडक कॉन्टॅक्ट लेन्सची. ट्रायल सेटमधली एक कडक लेन्स डोळ्यावर ठेवून नंबर बघायचा. डागापेक्षा खडबडीत झालेला पृष्ठभागच नजर बिघडवत असेल, तर लेन्सखाली अश्रू साचून पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि दृष्टी लगेच सुधारते. अशा रुग्णाला मोतीबिंदू काढल्यावर कॉन्टॅक्ट लेन्सने पुष्कळ मिळेल, कॉर्निया बदलण्याची गरज बहुधा पडणार नाही. मोतीबिंदू अगदी पिकला असेल तर मात्र ही तपासणी काही सांगत नाही.

आता मागची बाजू. चारी दिशांनी बॅटरीचा उजेड ओळखतो का, रंग ओळखतो का, हे घाई न करता बघा. आयरिस चिकटलेलं असेल तर त्या डोळ्याची बाहुली हलणार नाही. तेव्हा उजेड या डोळ्यावर टाकायचा आणि नजर दुसऱ्या डोळ्याच्या बाहुलीवर ठेवायची, म्हणजे ऑप्टिक नर्व्हची अवस्था कळते. आतला पडदा (रेटिना) दिसत नसेल तर बी-स्कॅन, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी, केल्याशिवाय ऑपरेशन लावू नका. सुटलेला पडदा मोतीबिंदूच्या मागे लपलेला असतो आणि तो ऑपरेशननंतर सापडला तर रुग्णाला काय सांगणार?

डोळ्यातला दाब मोजताना एक धोका लक्षात घ्या. नेहमीचं अप्लनेशन टोनोमीटर व्रणावर टेकवलं तर आकडा खोटा येतो. कॉर्नियाच्या स्वच्छ भागावर टेकेल असं छोट्या टोकाचं यंत्र वापरा. ते नसेल तर बोटाने दाबून दोन्ही डोळे ताडून बघा आणि तसं लिहून ठेवा. आयरिस चिकटलेल्या डोळ्यात काचबिंदू बऱ्याचदा असतो. अश्रुपिशवी धुऊन बघायची, पू असेल तर आधी तिचा बंदोबस्त.

एंडोथेलियमची, म्हणजे कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशींची, मोजणी व्रणातून नीट होत नाही, पण स्वच्छ भागातून बहुधा होते. प्रौढ माणसात दर चौरस मिलिमीटरला दोन ते तीन हजार पेशी असतात. हजाराच्या खाली गेल्या असतील तर कॉर्निया सुजण्याचा धोका रुग्णाला स्पष्ट सांगायचा. सकाळी उठल्यावर जास्त धूसर आणि दुपारी बरं असं रुग्ण सांगत असेल तर एंडोथेलियम आधीच थकलेलं आहे. अशा डोळ्याची गोष्ट वेगळी, त्याला बहुधा एंडोथेलियमचं प्रत्यारोपण लागतं.

कोणाला हात लावायचा नाही, तेही सांगतो. डोळा अजून लाल आहे, जखम पूर्ण भरलेली नाही, उजेड ओळखत नाही, किंवा काठापासून काठापर्यंत खिडकीच नाही, अशांना मोठ्या केंद्रात पाठवा. खिडकी नसलेल्या डोळ्यात तिथे कॉर्निया, मोतीबिंदू आणि लेन्स हे तिन्ही एकाच वेळी करता येतं. ते ऑपरेशन चांगलंच आहे, पण त्यात डोळा काही मिनिटं पूर्ण उघडा असतो, रक्तस्रावाचा धोका असतो, टाके वर्ष-दीड वर्ष सांभाळावे लागतात आणि नवा कॉर्निया शरीर नाकारेल का याची काळजी आयुष्यभर राहते. जत किंवा आटपाडीच्या वाडीवरची एकटी बाई लाल डोळा घेऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे पोहोचेल का? हा प्रश्न मी आधी विचारतो. खिडकी असेल तर आधी साधं ऑपरेशन. कॉर्निया लागलाच तर पुढे बदलता येतो, मोतीबिंदू आधी काढला म्हणून तो रस्ता बंद होत नाही.

लेन्सचा नंबर

इथे चुका जास्त होतात. डोळ्याची लांबी मोजताना ऑप्टिकल यंत्र डागातून आणि पिकलेल्या मोतीबिंदूतून हरतं. तेव्हा इमर्शन पद्धतीने, म्हणजे प्रोब कॉर्नियाला न टेकवता पाण्यातून, ए-स्कॅन (लांबी मोजणारी सोनोग्राफी) करा. प्रोब कॉर्नियावर दाबून मोजलं तर लांबी कमी येते आणि लांबीत एक मिलिमीटर चुकलं की नंबरात अडीच ते तीन चुकतो.

केरॅटोमेट्री, म्हणजे कॉर्नियाच्या वक्रतेचं माप, व्रणावर विश्वासाची नसते. मी तीन वेळा मोजतो. तिन्ही आकडे एकमेकांना धरून नसतील तर दुसऱ्या डोळ्याचं माप घेतो, तो डोळा धड असेल तर. वक्रतेतली एक डायॉप्टरची चूक चष्म्यात साधारण एकाची चूक म्हणून उतरते, लांबीच्या चुकीइतकी ती भारी पडत नाही. टॉपोग्राफी (कॉर्नियाच्या वक्रतेचा नकाशा) असेल तर उरलेल्या खिडकीच्या भागातली वक्रता बघा, रुग्ण त्याच भागातून बघणार आहे.

लेन्स साधी, एकाच अंतराची (मोनोफोकल), सहा मिलिमीटर किंवा मोठ्या ऑप्टिकची, म्हणजे मधल्या भिंगाची. मल्टिफोकल, म्हणजे अनेक अंतरांची, या डोळ्यात टाकू नका. उजेड आधीच विखुरतोय, त्याचे आणखी वाटे करायचे नाहीत. टोरिक (तिरपा नंबर दुरुस्त करणारी) लेन्सही वेड्यावाकड्या कॉर्नियात उपयोगाची नाही, आणि पुढे कडक कॉन्टॅक्ट लेन्स द्यायची झाली तर ती उलट अडचणच करते. नंबर थोडा उण्याकडे ठेवावा. बहुतेक या माणसांना हातातलं ताट आणि पायाखालची पायरी दिसायला हवी असते.

बोलणं

संमतीपत्रावर अंगठा घेण्याआधी रुग्णाशी आणि घरातल्या एका शहाण्या माणसाशी बसून बोला. मी असं सांगतो: "खिडकीची काच जुनीच राहणार, तिच्यावर डाग आहे. मागचा पडदा, म्हणजे मोतीबिंदू, धुळीने भरलाय, तो आपण काढणार. उजेड वाढेल, माणसं ओळखाल, स्वतःचं स्वतः करू शकाल. पेपर वाचता येईल असं मी म्हणत नाही." फूल तसंच राहणार हे तर तीनदा सांगायचं. नाहीतर पट्टी काढल्यावर आरशात पांढरं दिसलं की सगळं घर म्हणतं, ऑपरेशन फसलं.

ऑपरेशनचा दिवस

अशी केस शिबिराच्या वीस जणांच्या रांगेत मधे घालू नका. यादीत पहिली ठेवा. हात ताजा असतो, सिस्टरही सावध असतात, आणि बाहेर कोणी ताटकळत नसतं. भूल पेरिबल्बार, म्हणजे डोळ्याभोवती इंजेक्शनने, द्यायची. थेंबांच्या भुलेवर डोळा हलतो, आणि इथे आपल्याला हलणारा डोळा परवडत नाही. पोव्हिडोन आयोडिन पाच टक्के, तीन मिनिटं, नेहमीसारखंच. सुपिरियर रेक्टसला (डोळा वर वळवणाऱ्या स्नायूला) टाका घ्या, डोळा तिरका करायला तो लगाम लागतो.

आता उजेडाचं. सगळ्यात जास्त वेळ मी यावर घेणार आहे.

जुलैत वाईहून पसरणीचा घाट चढताना धुक्यात गाडीचा अप्पर लावून बघा. समोर पांढरी भिंत उभी राहते. दिवा जितका मोठा तितकी भिंत जाड. डिप्पर केला, किंवा खालून तिरका पडणारा फॉग लॅम्प लावला, की रस्त्याची कड दिसायला लागते. मायक्रोस्कोपचा दिवा आपल्या नजरेच्या रेषेतूनच डोळ्यात जातो. तो डागावर आपटून थेट आपल्या डोळ्यात परत येतो. आपण दिसत नाही म्हणून दिवा वाढवतो, आणि अजूनच दिसेनासं होतं.

म्हणून पहिली गोष्ट, खोलीतले दिवे बंद. दुसरी, मायक्रोस्कोपचा दिवा निम्म्यावर. तिसरी, कॉर्नियावर मेथिल सेल्युलोजच्या जेलचा जाड थर. हा थर खडबडीत पृष्ठभागाचे खड्डे भरून काढतो आणि पाणी मारत बसावं लागत नाही. नुसत्या एवढ्याने निम्म्या केसेस दिसण्यासारख्या होतात. एपिथेलियम, म्हणजे कॉर्नियाचं सगळ्यात वरचं आवरण, सुजून धुरकट झालं असेल तर ते बोथट पात्याने मध्यावरून अलगद खरवडून काढता येतं. कॅल्शियमचा पट्टा साठला असेल तर तो आधी, वेगळ्या बैठकीत, ईडीटीएने (कॅल्शियम विरघळवणाऱ्या द्रावणाने) धुऊन काढा.

चौथी गोष्ट, तिरका उजेड. पडद्याच्या ऑपरेशनला वापरतात तो लाइट पाइप, २३ किंवा २५ गेजचा, मिरजेत पडद्याचं काम करणाऱ्या कोणाकडेही असतो. तो डोळ्याच्या आत घालायचा नाही. मदतनिसाने तो बाहेरूनच लिंबसला, म्हणजे कॉर्नियाच्या काठाला, टेकवून धरायचा, आयरिसच्या पातळीशी थोडा तिरका, आणि मायक्रोस्कोपचा दिवा जवळजवळ बंद करायचा.

मी हे पहिल्यांदा केलं तो क्षण मला स्पष्ट आठवतो. दिवा बंद केल्यावर आधी अंधार. मग सिस्टरनी पाइप कॉर्नियाच्या काठाला टेकवला आणि डागाच्या मागे कॅप्सूलची, म्हणजे भिंगाच्या रंगवलेल्या पातळ आवरणाची, निळी कड उजळून आली. घराच्या कौलातून तिरीप आली की हवेतला एकेक कण दिसतो ना, तशी. पाच मिनिटांपूर्वी त्याच जागी मला फक्त पांढरं दिसत होतं. मी सिस्टरना म्हटलं, "हलू नका, इथंच धरा." त्या पुढची वीस मिनिटं श्वास रोखल्यासारख्या उभ्या होत्या. अशा ऑपरेशनात लाइट पाइप धरणारा हात माझ्या हाताइतकाच महत्त्वाचा. त्याला आधी साध्या केसवर सवय करून द्या.

छेद कुठे आणि कसा

डाग, पातळ जागा आणि शिरलेल्या रक्तवाहिन्या यांपासून लांब. वर डाग असेल तर छेद कानाच्या बाजूने घ्या. साइड पोर्ट (दुसऱ्या हत्यारासाठीचं छोटं छिद्र) मात्र अशा ठिकाणी हवा, जिथून आत गेलेल्या हत्याराचं टोक खिडकीतून दिसेल.

फेको (छोट्या छेदातून अल्ट्रासाउंडने भिंग फोडून काढणं) की एसआयसीएस (थोड्या मोठ्या बोगद्यासारख्या छेदातून, बिनटाक्याने भिंग हाताने काढणं)? आपल्याकडे हे रुग्ण येतात तोवर भिंग तपकिरी, लाकडासारखं झालेलं असतं. माझं मत स्पष्ट आहे: टोक दिसत नसताना अल्ट्रासाउंड चालवण्यापेक्षा साडेसहा मिलिमीटरचा चांगला स्क्लेरल टनेल शंभर पटींनी सुरक्षित. भिंग मऊ असेल, खिडकी मोठी असेल, फेकोवर हात पक्का असेल तर जरूर फेको करा. पण टोक डागामागे गेलं की पाय पेडलवरून उचलायचा, हा नियम मोडू नका. आणि मधेच एसआयसीएसकडे वळावं लागलं तर वळा, त्यात कमीपणा काही नाही.

चिकटलेलं आयरिस

आधी व्हिस्को (डोळ्यात जागा राखणारं जेल) भरा. बहुतेक नाजूक चिकटे व्हिस्कोच्या दाबानेच सुटतात, उरलेले स्पॅच्युलाने. डागाला घट्ट रोवून बसलेलं आयरिस ओढायचं नाही. तिथे कॉर्निया पातळ असतो, ओढलं तर भोक पडेल. ते आड येत नसेल तर तसंच सोडा, येत असेल तर कात्रीने कडेने सोडवा. बाहुली मोठी होत नसेल तर आयरिस हुक लावा. हुकची एक बाजू खिडकीकडे जास्त ओढून ठेवली की कामाचा भाग खिडकीत येतो.

निळा रंग आणि रेक्सिस

ट्रायपॅन ब्लू ०.०६ टक्के, हवेच्या बुडबुड्याखाली. १९९९ मध्ये नेदरलँड्सचे नेत्रशल्यचिकित्सक मेलेस यांनी कॅप्सूल रंगवण्यासाठी त्याचा वापर मांडला. आज ती स्वस्त कुपी आहे, आणि फूल असलेल्या प्रत्येक डोळ्यात, भिंग पांढरं असो वा नसो, मी ती वापरतोच. क्रम मात्र लक्षात ठेवा: चिकटे आधी सोडवायचे, रंग नंतर. नाहीतर बाहुलीपुरता गोल निळा होतो आणि कडा बिनरंगाच्या राहतात, जिथे खरी गरज असते.

रेक्सिस, म्हणजे कॅप्सूलच्या पुढच्या भागातला गोल काप, खिडकीतच सुरू करा. फाटत जाणारी कड डागामागे जायच्या आत थांबा, पकड सोडा, रेक्टसच्या टाक्याने डोळा तिरका करा म्हणजे कड पुन्हा खिडकीत येते, मग कडेजवळ नव्याने पकडा. नेहमी तीन-चार पकडींत होणारं काम इथे दहा पकडींत होतं, होऊ द्या. व्हिस्को पुन्हा पुन्हा भरा, चेंबर (कॉर्निया आणि भिंगामधली जागा) सपाट झाला की कड बाहेर पळते. एसआयसीएससाठी रेक्सिस सहा मिलिमीटरच्या आसपास हवा. लहान झाला तर कड सैल करणारे दोन-तीन काप द्या. कड दिसेनाशीच झाली तर हट्ट न धरता कॅन-ओपनर पद्धतीने, म्हणजे छोट्या छोट्या कापांनी गोल उघडा. लेन्सची जागा तेवढी मग नीट विचार करून ठरवा.

हायड्रोडिसेक्शन

म्हणजे पाणी सोडून भिंग त्याच्या आवरणापासून सुटं करणं. इथे मी एक डोळा बिघडवलेला आहे, म्हणून जास्त कळकळीने सांगतो. शिकत असताना, एका रुग्णालयात, डागाच्या मागे पाण्याची लाट दिसेना म्हणून मी सिरिंज दाबत राहिलो. लाट दिसत नव्हती, पण पाणी जात होतं. मागचं कॅप्सूल फुटलं आणि न्यूक्लियस (भिंगाचा कडक गाभा) खाली गेला. त्या काकांना दुसऱ्या ऑपरेशनसाठी पाठवावं लागलं. त्या दिवसापासून दोन मिलिलिटरची सिरिंज, एका वेळी चिमूटभर पाणी, आणि प्रत्येक वेळी न्यूक्लियस मधोमध हलकेच दाबून मागे अडकलेलं पाणी बाहेर काढणं. लाट दिसायची वाट बघू नका. न्यूक्लियस फिरतो का, हे हाताला कळतं. फिरला की बस.

न्यूक्लियस, कॉर्टेक्स, लेन्स

न्यूक्लियस पुढच्या चेंबरमध्ये आणताना वर आणि खाली दोन्हीकडे व्हिस्को हवा. या कॉर्नियाकडे पेशींची शिल्लक कमी असते, भिंगाचा खरखरीत पाठीचा भाग त्यावर घासला तर डागाभोवतीची खिडकीही सुजेल. टनेल अडकतोय असं वाटलं तर ताकद लावण्यापेक्षा तो मोठा करा.

कॉर्टेक्स (गाभ्याभोवतीचा मऊ थर) काढताना एकच शिस्त: तोंड दिसत नसेल तर शोषायचं नाही. सिम्कोचं (पाणी सोडून शोषणाऱ्या नळीचं) तोंड वर ठेवून कॉर्टेक्सची कड पकडायची, ती खिडकीत ओढून आणायची, आणि दिसल्यावरच शोषायची. डागाच्या मागे थोडा कॉर्टेक्स राहिला तर राहू द्या. तो विरघळतो किंवा नंतर लेसरने जागा करता येते, फुटलेलं कॅप्सूल मात्र पुन्हा सांधता येत नाही. व्हिट्रियस (डोळ्याच्या मागच्या भागातली जेली) पुढे आल्याची शंका असेल तर ट्रायमसिनोलोन टाका. पांढरे कण त्याला चिकटले की डागातूनही ओळखता येतं.

लेन्स बॅगमध्ये (उरलेल्या कॅप्सूलच्या पिशवीत) गेली का, हे तिचे दोन्ही हॅप्टिक, म्हणजे आधाराचे हात, फिरवून बघा. लाइट पाइपचा उजेड इथे पुन्हा घ्या, रेक्सिसची निळी कड ऑप्टिकच्या पुढे दिसली पाहिजे. व्हिस्को लेन्सच्या मागूनही काढा. टनेलवर जरा जरी शंका असेल तरी दहा-शून्यच्या बारीक धाग्याचा एक टाका घाला. जुन्या व्रणाशेजारची ऊती मनासारखी मिटत नाही.

डाग अगदी मध्यावर असेल तर

बाहुली मोठी केल्यावर ज्याची नजर सुधारली होती, त्याला मोतीबिंदूबरोबरच खिडकीकडे जागा करून द्यावी लागते. सगळ्यात स्वच्छ भाग निवडून त्या दिशेला आयरिसचा छोटा तुकडा कापायचा, किंवा टाका घालून बाहुलीच त्या बाजूला सरकवायची. वरच्या पापणीखालची जागा घेऊ नका, पापणी ती झाकून टाकते. खाली नाकाच्या बाजूला मिळाली तर उत्तम. काप लहान ठेवा, मोठा झाला तर उन्हात डोळे दिपतात. आणि लेन्सची कड त्या फटीत येत नाही ना, हे बघूनच थांबा, नाहीतर एकाचे दोन दिसतील.

पट्टी काढल्यानंतर

दुसऱ्या दिवशी कॉर्निया थोडा सुजलेला दिसणार. घाबरू नका, पण दाब बघा. एपिथेलियम खरवडलं असेल तर बँडेज लेन्स भरून येईपर्यंत. प्रेडनिसोलोन एक टक्का दिवसातून सहा वेळा सुरू करून सहा आठवड्यांत उतरवायचं. हर्पिसच्या डोळ्यात असायक्लोव्हिर बंद पडलं नाही ना, हे प्रत्येक भेटीत गोळ्यांची पाकिटं मोजून बघा. बुरशीच्या जुन्या जखमेच्या डोळ्यात डागाची कड भुरकट किंवा लालसर झाली तर स्टेरॉइड तिथेच थांबवून तपासा.

भेटींच्या तारखा देताना पंचांगाबरोबर शेतीचं आणि नदीचं वेळापत्रक बघा. ऊसतोडीच्या दिवसांत घरची माणसं रुग्णाला घेऊन येऊ शकत नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, नदीकाठची गावं दिवसेंदिवस तुटली. तेव्हापासून काठावरच्या गावांतल्या अशा केसेस मी जुलै-ऑगस्टमध्ये लावत नाही, आणि थेंबांच्या दोन बाटल्या जास्त देऊनच घरी पाठवतो. फडात, पाचटाजवळ, हळद शिजवायच्या कायलीजवळ सहा आठवडे जायचं नाही, आणि नंतर गेलं तरी साधा प्लॅस्टिकचा गॉगल लावून. राहिलेल्या एकमेव डोळ्यात दुसरं पात जाऊ नये.

चष्म्याचा नंबर सहा आठवड्यांनी. आधी साधा नंबर द्या, मग ज्यांना कॉन्टॅक्ट लेन्स सांभाळता येईल त्यांना कडक लेन्स लावून बघा. एवढं करूनही नजर पुरेशी नसेल तर तेव्हा कॉर्निया बदलण्यासाठी नेत्रपेढीच्या केंद्रात नाव नोंदवा. आता मोतीबिंदू नाही, लेन्स जागेवर आहे, पडदा चांगला आहे हे डोळ्याने बघितलेलं आहे, त्यामुळे पुढच्या सर्जनचं काम निम्म्याने सोपं झालेलं असतं. नातेवाइकांशी नेत्रदानाबद्दल बोलायलाही हीच वेळ योग्य: मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात, पंखा बंद ठेवायचा आणि पापण्यांवर ओला कापूस ठेवायचा, एवढं घरात एकाला तरी माहीत असावं.

त्या वाळव्याच्या आजी सहा आठवड्यांनी नातवाबरोबर आल्या. फूल जिथल्या तिथे होतं. तक्त्यावरची वरची मोठी दोन अक्षरं त्यांना शिकलेल्या नसल्यामुळे वाचता येईनात, म्हणून ई-चा तक्ता लावला. चौथ्या ओळीपर्यंत त्यांनी बोटं बरोबर वळवली, आणि मग माझ्या पाठीमागच्या भिंतीकडे बघून विचारलं, "त्यो कागद कसला चिकटवलाय? माझ्या डोळ्याचं चित्र हाय व्हय?"